काचेच्या पेटीपाशी झालेला बाप्तिस्मा

त्या दिवसांत माझ्याच्यानं प्रार्थना होत नव्हती. डोळे मिटले की मशीनची टीं-टीं ऐकू यायची, आणि 'हे स्वर्गातल्या बापा' एवढं म्हणलं की पुढचं सगळं घशातच अडायचं. माझी पोरगी दिवस भरायच्या आधीच आली होती, हातात घेतली तर उंदराच्या पिलाएवढी, आणि ती काचेच्या पेटीत होती, नाकात नळी, पायाला वायर, डोळ्यांवर पट्टी. मी बाहेर बाकावर बसायची आणि मनात एकच यायचं की देवाचं आमच्याकडे लक्ष तरी आहे का. लक्ष असतं तर एवढ्याशा जिवाला सुई टोचायला शीर सापडत नाही असं झालं असतं का. हे बोलायची हिंमत नव्हती, पण वाटायचं मात्र तेच, दिवसभर.

आम्ही मूळचे छिंदवाड्याकडच्या सौसरचे, म्हणजे माझं माहेर नि सासर दोन्ही तिकडचंच. घरात मराठी, बाहेर पाय ठेवला की हिंदी. हे मंडीदीपला कंपनीत लागले म्हणून आम्ही भोपाळला आलो आणि बाग सेवनियात दोन खोल्या घेतल्या, सासूबाईही आमच्याबरोबर. आम्ही लुथरन. इथं आमची मंडळी लहानशी आहे, स्वतःचं चर्च नाही, टी. टी. नगरात एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतात, आणि पाळकसाहेब छिंदवाड्याकडून महिन्यातून एका रविवारी येतात. बाकीच्या रविवारी मंडळीतलेच कोणी वडील माणूस उपासना चालवतात. बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे सगळं पाळकसाहेब आले की. आमच्यात लेकराचा बाप्तिस्मा लहानपणीच करतात, ते स्वतः काही मागू शकत नाही, बोलू शकत नाही, तेव्हाच देव त्याला आपलं म्हणतो, असं आम्हाला दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे मोठ्या पोरांना मंडळीत पक्कं करून घ्यायच्या आधीच्या शिकवणीत, सांगितलं होतं. मी आठवीत शाळा सोडली पण तो वर्ग पूर्ण केला, तेवढंच माझं शिक्षण समजा.

सासूबाईंनी मला दिवस गेल्यापासूनच ठरवलं होतं की बाप्तिस्मा सौसरच्या जुन्या चर्चमध्ये होईल, जिथं ह्यांचा झाला, ह्यांच्या बाबांचा झाला. धर्ममाता कोण, केक कोण आणणार, कोणाला बोलवायचं नाही, सगळं ठरलेलं. पोरगी आठवडेच्या आठवडे लवकर येईल नि पेटीत जाईल हे कोणी धरलंच नव्हतं.

त्या वॉर्डात आईशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. बापालाही नाही. आईनं पण हात कोपरापर्यंत धुवायचे, हिरवा गाऊन घालायचा, तिथल्या चपला घालायच्या, तेव्हा कुठं आत. हे दारातल्या काचेतून बघायचे आणि मला हातानं विचारायचे, कशी आहे. मी पण हातानंच सांगायची, आहे. आणि मग एके दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रक्तात इन्फेक्शन आहे, औषध बदललंय, अब देखते हैं. देखते हैं म्हणजे काय ते मला चेहऱ्यावरून कळलं. मी बाहेर आले, ह्यांना सांगितलं, आणि माझ्या तोंडून पहिली गोष्ट कोणती निघाली तर, तिचा बाप्तिस्मा नाही झालेला.

लहानपणी मी ऐकलं होतं, आजूबाजूच्या बायका बोलायच्या, की बाप्तिस्मा न झालेलं लेकरू गेलं तर त्याला कब्रस्तानात कडेला जागा देतात, वेगळी. खरं खोटं मला माहीत नव्हतं. पण त्या वेळी मला दुसरं काही दिसेचना. ती एवढीशी, कडेला, एकटी. ती गेली तर देव तिला ओळखेल का. तिचं तर नावही ठेवलं नव्हतं, पायाच्या चिठ्ठीवर माझंच नाव होतं, 'बेबी ऑफ' म्हणून. ह्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला, पुन्हा लावला, ते तिकडं जंगलातल्या गावांना गेलेले, पहुंच के बाहर. सासूबाई म्हणाल्या, थांबा, येतील ते, आणि आले तरी त्यांना आत कोण सोडणार, हे बोलल्या नि स्वतःच रडायला लागल्या.

दुपारी मी आयांच्या खोलीत दूध काढायला बसले होते. तिथं सगळ्या आया एका रांगेत बसतात, वाटी घेऊन, लाज वगैरे काही राहत नाही. माझ्या वाटीत थेंब पडत नव्हता. मी तोंडातल्या तोंडात प्रभूची प्रार्थना म्हणत होते, तीच अडकलेली, 'हे स्वर्गातल्या बापा' आणि पुन्हा 'हे स्वर्गातल्या बापा'. दाराजवळ एक बाई उभी होती, पन्नाशीची असेल, कानात जाड बाळ्या, सुनेला डबा द्यायला आलेली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढची ओळ हिंदीत म्हणली. मी थांबले तशी ती पण थांबली.

"आगे बोल ना बेटा," ती म्हणाली, "वहीं खड़ी रहेगी क्या."

मला हसू आलं का रडू आलं ते माहीत नाही, दोन्ही आलं. तिनं विचारलं कोणत्या मंडळीची, मी म्हणलं लुथरन, तर ती म्हणाली, लो, घर की निकली. ती बैतूलकडची होती, मराठीही बोलायची. तिचा नातू आत होता, दुसऱ्या रांगेत. मी तिला सगळं सांगून टाकलं, एका दमात, जसं कोणा अनोळखी माणसालाच सांगता येतं, पाळकांचा फोन लागत नाही, बाप्तिस्मा राहिला, पोरगी चालली. तिनं डबा खाली ठेवला नि माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"पाळक नाही तर तू कर."

मी म्हणलं, "मावशी, मी कशी करणार? मी कोण?"

"आई आहेस ना. आणि तुझा झालेला आहे ना? मग झालं. आमच्या गावात नदी भरली की पाळक या बाजूला यायचेच नाहीत. माझ्या मोठ्या पोराचा माझ्या सासूनं केला, ताटलीत पाणी घेऊन. पाळक नंतर आले, म्हणले ठीक आहे. पाणी आणि ते तिघांचं नाव, बस."

"तुम्ही करता का? मला शब्द नाही यायचे."

"मला आत कोण घेतंय," ती म्हणाली. "पाळकालाही नाही घेणार. बिशपालाही नाही. दरवाजा फक्त तुझ्यासाठी उघडतो, कळतंय का? रडून घे आधी, मग जा. आत रडलीस तर सिस्टर बाहेर काढील."

मग तिनं माझ्याकडून ते शब्द म्हणून घेतले. मराठीत मीच म्हणायचे, ती नुसती मान हलवायची, आणि मी चुकले की भुवई वर करायची. मला ते येत होते. लहानपणापासून दर बाप्तिस्म्याला ऐकलेले. पण ऐकणं वेगळं नि स्वतःच्या तोंडून काढणं वेगळं.

आत गेल्यावर हात धुतले, गाऊन घातला. त्या दिवशी ड्यूटीवर जी सिस्टर होती तिच्या कपाळावर टिकली होती, म्हणजे आमच्यातली नव्हती, आणि मी तिला घाबरायची कारण ती सगळ्या आयांना ओरडायची. मी तिला म्हणलं, सिस्टर, मला बाळाच्या डोक्याला थोडं पाणी लावायचंय, आमच्या धर्मात करतात. ती म्हणाली, कौन सा पानी. मी म्हणलं, कोणतंही, तुम्ही द्याल ते. तिनं एक स्टीलची छोटी वाटी घेतली, बाळाचे डोळे पुसायचं बंद बाटलीतलं पाणी असतं ते तिच्यात ओतलं, आणि ती वाटी दोन्ही तळहातांत धरून उभी राहिली. मला कळेना ही काय करते. ती पाणी कोमट करत होती. मग म्हणाली, "बूँद-बूँद डालना, ज़्यादा नहीं, फिर तुरंत पोंछना, ठंडी पड़ जाएगी तो दिक्कत है." पेटीची खिडकी तिनंच उघडली. कापूस माझ्या हातात दिला. आणि पाठ फिरवून पलीकडच्या बाळाची नळी बघत उभी राहिली, अशी की बाकी कोणाला मी दिसू नये.

माझी बोटं इतकी कापत होती की पहिलं पाणी गादीवरच पडलं. मग मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. पोरीच्या डोक्यावरची कातडी अशी होती की आतली निळी शीर हलताना दिसायची. मी म्हणलं, बाळा, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या, आणि थेंब टाकला, पुत्राच्या, आणि थेंब टाकला, तेवढ्यात शेजारची मशीन ओरडायला लागली, मी दचकले, आणि पवित्र आत्म्याच्या नावानं हे मी थेंब पडल्यावर म्हणलं का पडायच्या आधी म्हणलं, मला आजही सांगता येत नाही. आमेन म्हणायला विसरले. सिस्टर न वळता म्हणाली, हो गया? मी म्हणलं, हो. पोंछो, ती म्हणाली. मी पुसलं. पोरीनं कपाळाला आठी घातली, जशी झोपमोड झाल्यावर घालतात.

आता इथं मी खरं तेच लिहिते. मला वाटलं होतं की पाणी पडल्याबरोबर काहीतरी होईल. काही झालं नाही. उलट संध्याकाळी तिचा श्वास आणखी घसरला आणि मोठी मशीन लावावी लागली. मी दाराच्या काचेला कपाळ टेकून उभी होते आणि राग राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. मी पाण्याला औषध समजले होते. मला वाटलं होतं मी माझं काम केलं, आता देवानं त्याचं करावं. आणि तिथं उभ्या उभ्या, कोणी काही बोललं नाही, काही दिसलं नाही, फक्त असं वाटलं की मी तिथं म्हणले काय होते. मी असं तर म्हणले नव्हते की हिला बरी कर. मी म्हणले होते की ही तुझी. त्याच्या नावानं तिला दिली होती. आणि देऊन झाल्यावर अजून पदराला गाठ मारून धरून बसले होते, कडेला तर नाही टाकणार ना, विसरणार तर नाही ना. मी तिथंच जमिनीवर बसले. हे धावत आले, त्यांना वाटलं चक्कर आली. मी त्यांना म्हणलं, ती राहिली तर त्याची आहे, आणि गेली तर त्याच्याकडेच जाईल, कडेला नाही. बोलताना माझा आवाज माझाच वाटला नाही. आणि मग ती अडकलेली प्रार्थना पुढं गेली. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ मी लहानपणापासून पोपटासारखी म्हणत आले होते. त्या संध्याकाळी ती म्हणायला फार वेळ लागला, पण म्हणले.

दुसऱ्या दिवशी मी त्या बैतूलच्या मावशीला शोधलं. सुनेची जागा रिकामी होती. नातवाची छुट्टी झाली, सकाळीच गेले, एवढंच कोणीतरी सांगितलं. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. काही लोक म्हणतात ती देवदूत होती. मला तसं म्हणवत नाही, तिच्या डब्यात वांग्याची भाजी होती आणि तिनं मला त्यातली खायला लावली होती. पण ज्या दिवशी मला हवी होती त्या दिवशी, त्या खोलीत, माझ्यासमोर येऊन ती उभी राहिली, हे मी कसं विसरू.

पोरगी हळूहळू वर आली. एकदम नाही. एक दिवस बरं, एक दिवस पुन्हा काळजी, मग मोठी मशीन निघाली, मग लहान निघाली, मग तिला माझ्या छातीवर उघडी ठेवायला दिली. औषधानं बरी झाली, डॉक्टरीणबाईंनी जिवापाड केलं, त्या सिस्टरनं केलं. मी त्या सगळ्यांत देवाचाच हात मानते, वेगळा काढून दाखवता येत नाही.

घरी आल्यावर मात्र नवीनच सुरू झालं. सासूबाईंना मी बाप्तिस्म्याचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असा चोरून असतो का बाप्तिस्मा? ना पाळक, ना मंडळी, ना धर्ममाता. हात धुऊन आत गेली नि पाळकच झाली." हे म्हणाले, आई, राहू दे. "काहून राहू दे? माझी एकच नात. तिचा नीट होईल. सौसरला होईल." आणि खरं सांगू, मलाही आतून तेच पाहिजे होतं. मशीन ओरडली तेव्हा मी चुकले असेन तर? नावाविना केला तो चालतो का? आमेन राहिलं त्याचं काय? पोरगी अंगावर झोपलेली असायची आणि मी तिच्या डोक्याकडं बघत तेच उगाळत बसायची. पाळकसाहेबांनी एकदा नीट केला की माझाही जीव खाली पडेल, असं वाटायचं.

ते आले त्या महिन्याच्या फेरीला, घरी आले, चहा घेतला, पोरीला मांडीवर घेतलं. सासूबाईंनी विषय काढला. पाळकसाहेबांनी मलाच विचारलं, काय केलंस ते सांग. मी सगळं सांगितलं, वाटी, थेंब, मशीन, आमेन, सगळं. ते ऐकून म्हणाले, "मग झाला आहे. पुन्हा करता येणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "पण पाळकसाहेब, हिच्या हातचा?"

"आई, मी करतो तो तरी माझ्या हातचा कुठं असतो," ते म्हणाले. "आणि पुन्हा केला तर पहिल्याला खोटं म्हटल्यासारखं होईल. देवानं हिला एकदा आपली म्हटलंय. त्याला पुन्हा म्हणून दाखव असं मी कसं सांगू?"

मग मी हळूच म्हणलं, की पाळकसाहेब, माझा तेव्हा विश्वास पण नव्हता. नुसती भीती होती. हात कापत होते.

ते जरा वेळ पोरीच्या मुठीतून आपलं बोट सोडवत बसले. मग म्हणाले, "हात कापला म्हणून पाणी कोरडं पडलं का? तुझ्या विश्वासावर टांगलेलं असतं तर आमच्यातल्या कोणाचाच टिकला नसता, माझा तर पहिला नाही. आणि ते कडेचं काढून टाक मनातून. पाणी पोचलं नसतं तरी देव या लेकराला टाकणारा नव्हता. हे पाणी त्याला तुला द्यायचं होतं म्हणून त्यानं दिलं, घे." पुढं त्यांनी सांगितलं की अशा बाप्तिस्म्यानंतर मंडळीसमोर उभं राहून ते सांगायचं असतं, पाळक विचारतात, आई-बाप उत्तर देतात, म्हणजे सगळ्यांना कळतं की हे लेकरू आपल्यातलं आहे. नाव त्या वेळी ठेवू. सासूबाई कप उचलून आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

त्या रविवारी हॉलमध्ये नेहमीपेक्षा गर्दी होती. मी चार माणसांसमोर कधी बोललेली नाही. पाळकसाहेब पांढरा झगा घालून पुढं उभे, हे पोरीला घेऊन, मी त्यांच्या बाजूला, सासूबाई मागच्याच खुर्चीवर, सकाळपासून माझ्याशी मोजकं बोललेल्या. पाळकसाहेबांनी मोठ्यानं विचारलं, "या बालकाचा बाप्तिस्मा कोणी केला?"

माझ्या तोंडून आवाजच येईना. सगळे बघतायत. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, पण ते माझ्या जागी बोलले नाहीत. मग मागून सासूबाईंचं बोट माझ्या पाठीत लागलं.

"आता काहून गप्प?" त्या म्हणाल्या, त्यांच्या मते हळू, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "तिथं एकटी होती तर बोलली ना. सांग. पाळकसाहेब, माझ्या सुनेनं केला."

दोन-चार जण हसले, चांगलं हसले. मी म्हणलं, मी केला. कशानं केला? पाण्यानं. कोणत्या नावानं? आणि मी ते नाव सगळं म्हणलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या, एका दमात, न चुकता, आणि मंडळी आमेन म्हणाली. सासूबाईंनी सुचवलेलं नाव ठेवलं, हन्ना. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, पाणी नाही लावलं. ती रडली नाही, त्यांच्या झग्याच्या बाहीला धरून बसली.

आता ती रांगते, हाती लागेल ते तोंडात घालते. मी बदलले असं म्हणवत नाही. तिला ताप आला की माझे हात अजून कापतात, झोपली की नाकाजवळ बोट धरून बघते, सासूबाई ओरडतात की पोरीला झोपू दे. पण पहिले मी एकटी तिला धरून होते, सगळा भार माझ्या दोन हातांवर, आणि हात सुटला तर संपलं असं वाटायचं. तसं आता वाटत नाही. ती माझ्या हातात यायच्या आधी ज्याच्या हातात होती, त्याच्याच हातात ती आहे, आणि मी पण. हे मला कळायला इतकं सगळं व्हावं लागलं. ज्यांनी त्या दिवसांत आमच्यासाठी गुडघे टेकले त्यांचे उपकार आहेत, आणि बैतूलच्या त्या मावशी हे कुठं वाचत असतील तर त्यांना सांगायचंय की मी तिथंच उभी नाही राहिले, मी पुढं म्हणले. प्रभूनं त्यांच्या नातवालाही असंच वाढवावं. मला तिला सांभाळायला दिलंय, मी सांभाळते.